समजून घ्या : ताजं मोझरेला खरंच महाग आहे का?

रविवारी खडकवासल्यावरून सिंहगडावर गेलेला पुणेकर मडक्यातलं दही खाल्ल्याशिवाय सहसा खाली उतरत नाही. दही घट्ट असतं, तिथेच लावलेलं असतं, म्हणून चार पैसे जास्त द्यायला कुणी कुरकुरत नाही. मात्र छोट्या उत्पादकाने हाताने बनवलेल्या मोझरेलाची किंमत पाहिली, की ‘एवढं महाग?’ हा प्रश्न येतोच. माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला हवा : पिझ्झावरचं ‘चीज’ इतकं स्वस्त कसं?

हे बनतं कसं?
दुधात विरजण आणि रेनेट घालून ते जमवतात. त्याचे तुकडे करून पाणी निथळू देतात. आंबटपणा नेमका आला, की हा ऐवज कढत पाण्यात मळून, ताणून त्याचे गोळे तोडतात. इटालियनमध्ये ‘मोझारे’ म्हणजे तोडणं, नाव त्यावरूनच पडलं. याच चीजच्या पिशवीत चीजचे धागे आणि क्रीम भरलं की झाला बुराटा. ओलावा जास्त असल्याने हे चीज थोड्याच दिवसांत संपवावं लागतं.

परकं आहे का?
इटलीतल्या कांपानिया भागातल्या म्हशीच्या मोझरेलाला १९९६ पासून युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. म्हैस तर आपल्या गोठ्यातलीच. पारशी घरांतलं टोपली पनीरही रेनेटने जमवलेलं ताजं चीजच. मुंबईत मौसम नारंग यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘एलेफ्थेरिया’चा बुराटा आज अनेकांना माहीत आहे. म्हणजे कसब आणि दूध, दोन्ही इथलंच आहे.

हिशेब काय सांगतो?
म्हशीच्या पाच-सहा लिटर दुधातून साधारण किलोभर मोझरेला मिळतं. लिटरला ७० रुपये धरले, तर नुसतं दूधच ३५० ते ४२० रुपयांचं. मजुरी, वीज, थंड वाहतूक आणि न खपलेला माल वेगळा. यापेक्षा फारच स्वस्त ‘चीज’ दिसलं, तर त्यात दूध किती, हे विचारायलाच हवं. दुधातल्या फॅटऐवजी वनस्पती तेल घातलेला पदार्थ नियमानुसार चीज म्हणून विकता येत नाही, तो ‘अॅनालॉग’ ठरतो. पाकिटावर हे वाचता येतं, ताटात आलेल्या पिझ्झावर नाही.

काय बघून घ्याल?
‘हँडमेड’ लिहिलं म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख, पाश्चराइज्ड दूध आणि घटकांची यादी बघा. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघा.

मुद्दा फक्त चवीचा नाही. दर पडल्याने २०२४ मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. चार छोटे चीज उत्पादक हा प्रश्न सोडवणार नाहीत, त्यांना लागणारं दूधच थोडं. पण दुधाच्या जागी तेलाचा थर खपतो, तेव्हा तेवढं दूध विकलं जात नाही. हॉटेलांनी मेन्यूवर ‘चीज’ की ‘अॅनालॉग’ हे स्पष्ट लिहावं आणि एफडीएने ते तपासावं. दही बघून घेणाऱ्या पुणेकराने एवढा प्रश्न पिझ्झा मागवतानाही विचारावा.