झोपेचा रकाना

2005-06 च्या हिवाळ्यातली गोष्ट. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका बँकशाखेत मी अधिकारी होतो. मोटारीच्या कर्जाचा हप्ता भरायला आलेला एक शेतकरी बाकावर डुलक्या घेत होता. हाक मारली तर डोळे लालभडक, बोलणे अडखळते. मी चारचौघांत म्हणालो, ‘‘बँकेत येताना तरी पिऊन येऊ नका.’’ तो म्हणाला, ‘‘पेलो नाही साहेब. लाइन रातच्या बाराले येते. हरभऱ्याले पाणी देत होतो.’’

माझी चूक शास्त्राच्या दृष्टीने फारशी दूरची नव्हती, हे पुढे वाचनात आले. सतरा-अठरा तास सलग जागलेला माणूस थोडी दारू घेतलेल्यासारखाच मंदावतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. भूक-तहानेबरोबर झोपही त्यात आहे. ती अडवली की जांभया, अंगदुखी, डोके नि डोळे जड होणे. उपाय दोनच : झोपणे आणि अंग चेपून घेणे. मध्यरात्री शेतात पाणी वळवणाऱ्याला या दोन्ही गोष्टी कुठून मिळायच्या?

त्याची झोप तो हौसेने अडवत नाही. दिवसा शहरांना आणि कारखान्यांना वीज हवी, म्हणून शेतीपंपाला पाळी : कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. ‘ऑटो’ बसवला की मोटार आपोआप सुरू होते हे खरे, पण एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायला माणूसच लागतो. तुषार सिंचनाचे पाइपही हातानेच हलवायचे. अंधारात साप, कडाक्याची थंडी. पाण्याची पाळी नसली तर रानडुकरे नि रोही यांच्यासाठी जागल आहेच. आणि सकाळी गोठा काही थांबत नाही. अशा माणसाला दुपारी झाडाखाली आडवा पाहून ‘आळशी’ म्हणणारे आपण नोकरदारच.

2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती. दिवसा वीज हा त्यामागचा हेतू. तिचे मोजमाप मात्र मेगावॅटमध्ये होते. किती घरांतली माणसे आता रात्री अंथरुणावर असतात, हे कुणी मोजावे असे मला वाटते. दिवसाची वीज ही मेहेरबानी नव्हे, प्रकृतीचा प्रश्न आहे.

आमच्या कर्जाच्या अर्जात विहिरीची खोली होती, मोटारीची अश्वशक्ती होती, पाइपची लांबी होती. त्या दिवशी त्या शेतकऱ्याने नोटा दोनदा मोजल्या, तरी एक कमी भरली. मी पावती दिली आणि ‘‘नीट सांभाळा’’ एवढेच म्हणालो. माफी मागायची राहून गेली.