दोन रंग, दोन हात

निरवांगीच्या बाजूला, इंदापूर-बारामतीच्या माळावर, दख्खनी मेंढीच्या काळ्या-पांढऱ्या लोकरीतच रंगसंगती तयार असते. घोंगडीच्या पट्ट्याला वेगळा रंग लागत नाही. सुयांवर स्वेटर विणणाऱ्यांनीही या दोन रंगांपासूनच सुरुवात करावी. हात नवखा असेल तर आडवे पट्टे घाला: एका ओळीत एकच रंग, गुंता नाही. नक्षी हवी तर एक धागा उजव्या हातात, दुसरा डाव्यात; मागून जाणारा धागा सैल सोडा, नाहीतर विणकाम आवळतं. दोन्ही हात जुळत नसतील तर साधं विणून वरून सुईनं रंगीत टाके भरा. शेजारणीची पद्धत कितीही देखणी असो, स्वेटर आपल्याच हातानं पुरा व्हायचा असतो. म्हणून आधी चार बोटांचा नमुना विणून बघा.