परदेश पाहायचा तो कधी?

आमच्या घरी पासपोर्ट दोनच कारणांसाठी निघायचा. तरुणांचा आखातात नोकरीसाठी आणि वडीलधाऱ्यांचा हज-उमऱ्यासाठी. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत नुसते पाहायला म्हणून परदेशी जावे, असे कोणी म्हटले की ठरलेले उत्तर यायचे, "आधी मुलींची लग्ने होऊ द्या, घर बांधून होऊ द्या, मग बघू."

अब्बांचे ते 'मग' सदुसष्टाव्या वर्षी उजाडले. उमऱ्यात काबागृहाच्या तवाफनंतर सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालायच्या असतात. एक फेरी सुमारे ४५० मीटरची. म्हणजे नुसत्या या फेऱ्यांचे चालणे तीन किलोमीटरहून जास्त. अब्बांचे गुडघे तोवर गेलेले. त्यांनी त्या फेऱ्या चाकाच्या खुर्चीत बसून पुऱ्या केल्या. समाधानाने परतले, पण एवढे म्हणालेच, "पाय होते तेव्हा निघायला हवे होते."

इब्न बतूता १३२५ मध्ये टँजिअरहून हजसाठी निघाला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मायदेशी परतला तो सुमारे चोवीस वर्षांनी. घरची सगळी कामे उरकायची वाट पाहत बसला असता, तर दिल्लीला पोचून मुहम्मद तुघलकाचा काझी कुठून होता?

मी स्वतः इस्तंबूल तीन वयांत पाहिले. पहिल्यांदा सत्ताविसाव्या वर्षी, आखातातल्या नोकरीतून वाचवलेल्या पैशांवर, एकटा. एका खोलीत आठ पलंग, सकाळी तीळ लावलेला सिमित आणि दिवसभर पायपीट. गलाताची चढण दिवसातून दोनदा चढायचो. रस्ता चुकलो तरी मजा वाटायची. त्या वयात गैरसोय हाच निम्मा आनंद असतो.

दुसऱ्यांदा चाळिशीत, बायको-मुलांना घेऊन. पाहायच्या ठिकाणांची यादी मुलांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढली. सतराव्या शतकातल्या सुलतान अहमद मशिदीला सहा मिनार का, यावर त्यांचे भांडण, आणि बाहेर मांजरांशी खेळण्यात अर्धी दुपार. खर्च तिप्पट झाला. पण त्या वयात आपण पाहण्यापेक्षा आपल्या माणसांना पाहताना बघण्यातच जास्त सुख असते.

तिसऱ्यांदा गेल्या वर्षी, साठी ओलांडल्यावर, आम्ही दोघेच. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी झोप. एमिनोनूहून उस्कुदारची बोट सुमारे वीस मिनिटांत युरोपातून आशियात नेते. सत्ताविसाव्या वर्षीही मी त्या बोटीत बसलो होतो, पण तेव्हा पलीकडे पोचण्याची घाई होती. या वेळी चहाचा छोटा पेला हातात धरून मागे येणारे समुद्रपक्षी पाहत राहिलो आणि त्याच बोटीने परत आलो. पलीकडे उतरलोदेखील नाही.

एका वयाचा आनंद दुसऱ्या वयासाठी राखून ठेवता येत नाही. गलाताची चढण आता मला झेपत नाही, आणि बोटीतली ती शांतता सत्ताविसाव्या वर्षी कळली नसती.

पैशाचे काय, हा प्रश्न खराच आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला मी हे सांगणार नाही. पण एका दिवसाच्या लग्नात मंडप, रोषणाई आणि हजार माणसांच्या दावतीवर आपण जे उधळतो, त्याच्या थोड्या भागात दोन जणांचा असा प्रवास होतो. त्यातही मुलींना आपण सांगतो, "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा." मुलग्याला निदान नोकरीच्या निमित्ताने जग दिसते. मुलीच्या वाट्याला तेही नाही.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या मुलीने पासपोर्टचा अर्ज भरला. मैत्रिणींबरोबर जायचे म्हणते. घरातल्या मोठ्यांनी मला विचारले, "नोकरी नाही, उमरा नाही, मग कशाला?"

मी म्हटले, "बघायला."