उपवासाच्या ताटात इतिहास कसला, असे विचारणाऱ्यांस

गडकोट, मोहिमा आणि तहनामे सोडून भांड्याकुंड्यांत आणि खाण्यापिण्यात इतिहास कसला शोधता, असा आक्षेप या प्रकारच्या लेखनावर नेहमी घेतला जातो. आक्षेपकांपैकी पुष्कळजण एकादशीला साबूदाण्याची खिचडी खात असतील. तेव्हा आज तिच्याविषयीच.

साबूदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची. शेजारी रताळ्याचा कीस असेल तर तेही अमेरिका खंडातले. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचण्यापूर्वी यांतला एकही जिन्नस आपल्या चुलीवर चढलेला नव्हता. जुने म्हणावे असे ताटात उरते ते तूप, जिरे आणि मीठ.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त राजभोजनाचे तपशीलवार वर्णन केले. तिथे तिखटपणाला मिरे आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त मुदपाकखान्यातील पदार्थांची मापे दिली आहेत, तिथेही मिरे आहे, मिरची नाही. नवे फळ आले तेव्हा आपण त्याला मिऱ्याच्याच घराण्यातले नाव दिले. बटाटा मात्र पोर्तुगिजांकडून नावासकट घेतला. (कॅरिबियन बेटांवर ‘बटाटा’ म्हणजे मुळात रताळे, हा आणखी एक घोळ.)

साबूदाण्याची कथा त्याहून अलीकडची. हे नाव मलय भाषेतील ‘सागू’वरून आले आणि तो पूर्वी होत असे आग्नेय आशियातील सागूच्या झाडाच्या गाभ्यापासून. इकडे त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात कसाव्याच्या लागवडीला उत्तेजन दिले होते. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून होणारी आवक थांबली, आणि आजच्या तामिळनाडूतील सेलम भागात कसाव्यापासून साबूदाणा काढण्याचा धंदा उभा राहिला. आज आपण रात्री भिजत घालतो तो हाच दाणा. त्याला ‘सनातन आहार’ ठरवणाऱ्यांनी निदान आपल्या आजीचे जन्मसाल तपासावे.

आणि तरीही ‘मग हे सारे परकेच की’ असा छद्मी निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझे तितकेच भांडण आहे. आपल्याकडील कितीतरी घरांत उपवासाला हळद चालत नाही, मोहरी चालत नाही, हिंग चालत नाही. हिरवी मिरची मात्र चालते. या भूमीत युगानुयुगे पिकलेली हळद बाहेर आणि समुद्रापलीकडून आलेली मिरची आत! हे कुणी ठरवले? मिरचीला मुभा द्यायला ती ठाऊक तर हवी. प्राचीन स्मृतिकारांना ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधू’त एकादशीच्या वेधाची बारीक चिकित्सा केली. पण धान्य वर्ज्य, कंद ग्राह्य, या जुन्या सूत्रात बटाटा बसतो, शेंगदाण्याचे कूट चालवून घ्यावे, हा निर्वाळा चुलीपुढेच दिला गेला असणार, असे माझे स्पष्ट मत आहे. शास्त्रीबुवांनी नंतर मान डोलावली असेल. जिला घरातल्या दहा उपाशी माणसांचे पाहायचे होते, तिने आधी ठरवले.

या निर्णयांची बखर नाही, मोडी रुमाल नाही, कुणा बाईचे नाव नाही. लढाईचा दिवस आपण घटिकेसकट सांगतो, आणि लक्षावधी घरांचा आचार बदलून टाकणाऱ्या या निवडींना ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून बाजूला सारतो. कागद नाही म्हणून घटना घडली नाही, हा कुठला न्याय?

साधन मात्र अजून हाताशी आहे. कोथिंबीर काही घरांत चालते, काहींत नाही. तीच गत काकडीची आणि जिऱ्याची. हे भेद जिल्ह्याजिल्ह्याला, जातीजातीला आणि सासर-माहेरागणिक बदलतात, आणि ज्यांना ते पाठ आहेत त्यांची पिढी सरत चालली आहे. आपल्या घरात काय चालते, काय चालत नाही आणि ते कुणाच्या माहेराकडून आले, हे गावाच्या नावासह खाली लिहा. तलवारीच्या मुठीवरची चर्चा पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकते.