ईसीएम बदलण्याआधी कोड मागा



आज फवारणीचा सल्ला नाही, गाडीबद्दल बोलायचंय.

मागच्या हंगामात डाळिंबाचे क्रेट भरले, आटपाडीला सौद्याला निघायचं आणि घरची पिकअप चालूच होईना. मेस्त्रीनं बघितलं न बघितलं, "ईसीएम गेलं" म्हणून सांगितलं. जुन्या बाजारातनं दुसरं आणून बसवलं. तरी गाडी ढिम्म! ईसीएम म्हणजे बल्ब नव्हे, एक काढला की दुसरा लावला. त्यात त्याच गाडीचा चॅसी नंबर, चावीची ओळख, बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरचे कोडसुद्धा भरावे लागतात. यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात.

शेवटी दुसऱ्या मेस्त्रीनं स्कॅनर लावून वायरिंग तपासलं. अर्थिंगची वायर गंजलेली निघाली. ती बदलली, जुनंच ईसीएम परत बसवलं, गाडी चालू. आठ दिवस आणि पैसे मात्र गेले ते गेलेच.

द्राक्षाचं पान पिवळं पडलं की आपण देठ परीक्षण करतो, दिसेल ते खत ओतत नाही. मग गाडीलाच हा न्याय का नाही?

आपले बागेतले छोटे ट्रॅक्टर बहुतेक साध्या पंपावरचे आहेत, त्यांना ही भानगड नाही. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ पिकअपला ईसीएम असतंच. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, तेव्हापासून त्यातही बहुतेक ते आलंय.

म्हणून एवढं करा:
👉 आधी बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, उंदरानं कुरतडलेल्या वायरी बघा.
👉 स्कॅनरवर आलेला कोड कागदावर लिहून घ्या. कोड ईसीएमचाच आहे का, ते विचारा.
👉 बदलायचंच ठरलं, तर प्रोग्रॅमिंग कोण करणार, वॉरंटी किती, हे आधी ठरवा. बिल आणि जुना पार्ट मागून घ्या.
👉 वेल्डिंगआधी बॅटरीची वायर आणि ईसीएमचा सॉकेट काढा. प्रेशरचं पाणी ईसीएमवर मारू नका.

माझं स्पष्ट मत: आपल्या कंपनीच्या अवजार बँकेत एक चांगला स्कॅनर हवा. नवं ईसीएम प्रोग्रॅम करायला डीलरकडंच जावं लागेल, पण तिथं आपण कोड हातात घेऊन जाऊ, अंदाजावर नाही.

अमेरिकेत कोलोराडो राज्यानं २०२३ मध्ये कायदाच केला, की शेती यंत्राच्या दुरुस्तीचं सॉफ्टवेअर, माहिती शेतकऱ्याला मिळाली पाहिजे. आपल्याकडं केंद्राचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये आलं, शेती अवजारं त्यात आहेत. कायदा अजून नाही. तोवर फसवणूक झाली तर बिल जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा.

स्कॅनर घ्यावा का? "हो" किंवा "नको" एवढं कळवा. पुढच्या बैठकीत विषय मांडतो.

– आपला कृषी सल्लागार, विटा 🌱