हळू चला, खूप दिसेल!



आमचं घोडेगाव कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध. समुद्र इथून दोनशे किलोमीटरांहूनही लांब! तरी आठवडे बाजारात सुकट आणि बोंबील हमखास मिळतात. मग वर्गात एखादा विचारतोच, "बाई, बोंबील कुठल्या शेतात पिकतात हो?"

चला तर, आज बोंबलाच्या गावी जाऊ. अलिबाग ते कोर्लई, साधारण बावीस किलोमीटर, आणि तेही सायकलवर. गाडीने तासाभरात पोचाल, पण आपण अख्खा दिवस घेऊ. हा किनारा भराभर बदलतो आहे. बदल कसा होतो, ते हळू गेल्याशिवाय दिसत नाही.

अलिबागला समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. याच गावात पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा आहे. ती आधी मुंबईला कुलाब्यात होती. पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली ती अलिबागला आली. त्या यंत्रांना जवळपास लोखंड चालत नाही. म्हणजे आपली सायकल बाहेरच बरी!

आता आक्षी आणि नागाव. इथे 'वाडी' म्हणजे आपल्याकडच्यासारखी वस्ती नव्हे बरं का, वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग. सुपारीच्या झाडाला पोफळ म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्द सावली असते. पण नीट पाहा, मध्येच आभाळ उघडं दिसतं. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि असंख्य माडपोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर घर कसं चालवायचं? कुणी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, कुणी वाडीच विकली. मुंबईही आता जवळ आली आहे. 2020 पासून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी मोठी बोट सुरू झाली, 2024 साली अटल सेतू खुला झाला. पाहुणे वाढले, चार पैसे मिळू लागले, हे चांगलंच. पण वाडी विकल्यावर तिच्या मालकाने त्याच जागेवर रखवालदार म्हणून उभं राहावं का? विचार करा.

कोळीवाड्याजवळ सायकलवरून उतरा. वास आला ना? दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते दोरीवर वाळत घालतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा माशांची वीण होते आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत सुकी मासळीच कामी येते. तीच पुढे घाट चढून आपल्या बाजारात पोचते.

पुढे चौल आणि रेवदंडा. चौल हे फार जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला, तोही विकायला एक घोडा घेऊन! जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला. मोठ्या खटपटीने परत मिळाला आणि पुढे बीदरला विकला गेला. निकितीनचं स्मारक आज रेवदंड्यात आहे. त्याच्यानंतर पोर्तुगीज आले, त्यांनी इथे कोट बांधला. म्हणजे या किनाऱ्याला परके लोक आणि बदल काही नवे नाहीत.

आता कुंडलिका खाडीचा पूल. तो होण्यापूर्वी पलीकडे जायला होडीच लागे. पलीकडे कोर्लई. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव. इथली खरी गंमत कानांनी पाहायची. गावातली काही ख्रिस्ती कुटुंबं घरात एक निराळीच भाषा बोलतात. तिचं नाव 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा'. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्य मराठीसारखं, क्रियापद शेवटी! पोर्तुगीज 1740 साली इथून गेले. भाषा मात्र राहिली. कशी? कुठल्या शाळेत ती शिकवली नाही, तिची जाड पुस्तकं नव्हती. आईने बाळाशी बोलायचं, बाळाने मोठं होऊन आपल्या बाळाशी बोलायचं, बस्स! आज ती बोलणारी माणसं हजाराच्या आसपासच असतील. मुलं शाळेत मराठी शिकतात, पुढे कामासाठी शहरात जातात. ते थांबवता येणार नाही, थांबवूही नये. पण घरात बोलणं थांबलं, तर मात्र कुठलाही किल्ला या भाषेला वाचवू शकणार नाही.

वादळ आपल्याला विचारून येत नाही. पूल आणि रस्तेही आपल्याला विचारून होत नाहीत. पण घरात काय जपायचं, ते आपल्या हातात असतं.

तेव्हा या रविवारी एक करा. सायकल काढा, नसेल तर पायी चला. आपल्याच गावातून अगदी सावकाश फिरा. वहीत तीन रकाने आखा: नवं काय आलं, जुनं काय गेलं, अजून काय टिकलं. मधला रकाना आजी-आजोबांना विचारून भरा. तोच सगळ्यात मोठा होईल, पाहा. आणि तिसऱ्या रकान्यातलं काय तुम्ही जपणार, ते मला पत्राने जरूर कळवा हं!