इंग्रजी कुणाच्या आईची?

इंग्रजी शिकवायला शिक्षिका हवी. वय पस्तिशीच्या आत. अर्जासोबत अलीकडचा फोटो आवश्यक. पदवी कोणत्याही विषयातली चालेल. पासपोर्ट मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका यांपैकीच एका देशाचा असावा. पूर्व आशियातल्या आणि आखातातल्या नोकऱ्यांच्या अशा जाहिराती मी गेली कित्येक वर्षे वाचते आहे. शब्द थोडे मागेपुढे होतात, मतलब तोच राहतो. इंग्रजी येते का, हा प्रश्न शेवटी. शिकवता येते का, हा तर त्याच्याही नंतर. पहिला प्रश्न हा की बाई, तू जन्मलीस कुठे?

मैत्रिणींनो, ही भाषा आपल्याला अनोळखी नाही. 'गोरी, सडपातळ, अनुरूप वधू पाहिजे' हे ज्या पानावर छापले जाते त्या पानाविरुद्ध आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. तिथे बाईचे कर्तृत्व न पाहता तिचा रंग आणि कूळ पाहतात. इथेही तेच. फरक एवढाच की इथे पाहायला येणारा नवरामुलगा नाही, नोकरी देणारा मालक आहे आणि त्याच्या पाठीशी सरकारी नियम उभा आहे.

दक्षिण कोरियाचेच उदाहरण घ्या. परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी तिथे जो व्हिसा आहे, तो इंग्रजीपुरता वर सांगितलेल्या सात देशांच्या नागरिकांसाठी राखलेला आहे. त्या सातांतल्या कुणाची पदवी प्राणिशास्त्राची असो की हिशेबाची, खाजगी शिकवणी-वर्गात इंग्रजी शिकवायला ती पुरते. भारत आणि कोरिया यांच्यात २००९ साली आर्थिक भागीदारीचा करार झाला, २०१० च्या १ जानेवारीपासून तो अमलात आला, आणि त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी एक खिडकी उघडली. तिच्यातून आत कोण जाऊ शकते? शिक्षकाची रीतसर पात्रता असलेली व्यक्ती. आणि कशासाठी? शाळेत सहायक म्हणून! म्हणजे एकीला नुसती पदवी पुरे, दुसरीने पदवीवर शिक्षकी पेशाचे प्रमाणपत्रही आणायचे आणि तरी मदतनीस म्हणूनच उभे राहायचे.

खुद्द इंग्लंडची रीत तर त्याहून मजेदार आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतल्या प्रशिक्षित शिक्षकांना तिथल्या शाळांसाठी पात्र शिक्षकाचा दर्जा मागता येतो. पण भारतातून येणाऱ्यांना विषयांचे कुंपण आहे: ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान आणि परकीय भाषा. इंग्रजी त्यात नाही. आमच्या बाईने इंग्लंडच्या पोरांना इंग्रजीतून बीजगणित समजावून द्यावे, प्रकाशाचे परावर्तन समजावून द्यावे, पण इंग्रजी शिकवायचे म्हटले की तिची जीभ अचानक परकी ठरते.

आणि तिला इंग्रजी येते हे सिद्ध करण्याचा खर्चही तिच्याच पदरचा. ब्रिटनच्या व्हिसासाठी बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात अशा देशांची एक यादी आहे. तीत जमैका आहे, बार्बाडोस आहे, माल्टा आहे, भारत नाही. पदवी इंग्रजी माध्यमातून घेतली असली तरी ती पैसे भरून पडताळून घ्या, नाहीतर आयईएल्टीएस किंवा तसलीच एखादी परीक्षा द्या. आयईएल्टीएसचा निकाल दोन वर्षांनी शिळा होतो. दोन वर्षांत इंग्रजी विसरते अशी बाई मी तरी पाहिलेली नाही, पण फी पुन्हा भरावी लागते हे खरे. हा धंदा केवढा मोठा आहे ते पाहा. ब्रिटिश कौन्सिलने भारतातला आपला आयईएल्टीएसचा व्यवसाय २०२१ साली एका ऑस्ट्रेलियन कंपनीला विकला तो १३ कोटी पौंडांना. आमच्या मुलींच्या इंग्रजीवर अविश्वास दाखवण्याचे मोल १३ कोटी पौंड!

आता या मंडळींच्या आवडत्या शब्दाकडे वळू. ते म्हणतात, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्यानेच ती शिकवावी. ठीक आहे, घटकाभर मान्य करू. २०११ च्या जनगणनेत आपली मातृभाषा इंग्रजी आहे असे सुमारे २ लाख ६० हजार भारतीयांनी नोंदवले. त्यांपैकी एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. वांद्र्याला, पुण्याच्या कॅम्पात, घरात आईशी इंग्रजीतच भांडत वाढलेल्या मुली यांत आहेत. त्यांना चालेल म्हणता? नाही. कारण मातृभाषा ठरवताना आईला कुणी विचारतच नाही; पासपोर्टला विचारतात. आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमातली अँग्लो-इंडियनची व्याख्या बापाकडून, पुरुषांच्या वंशावळीतून मोजली जाते, हे आपल्यातल्या अनेकींना ठाऊक असेल. इथे बापाच्या जागी राष्ट्र आले आहे. मातृभाषेतल्या मातेला दोन्हीकडे स्थान नाही.

हा समज आभाळातून पडलेला नाही. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनाविषयी एक परिषद भरली. वसाहती स्वतंत्र होत होत्या आणि इंग्रजीचे पुढे काय, ही चिंता होती. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ती जन्मभाषा असलेला माणूस, हे तत्त्व त्या परिषदेने पक्के केले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम' या ग्रंथात या तत्त्वाला सरळ भ्रम म्हटले आणि त्यामागचे साम्राज्याचे हितसंबंध उघडे केले. हंगेरीचे पेटर मेजेश यांनी १९९४ साली दुसरी बाजू मांडली: ज्याने परकी भाषा स्वतः घाम गाळून शिकलेली असते, त्याला विद्यार्थी कुठे अडखळेल ते आधीच कळते. इंग्रजी शिक्षकांच्या 'टीसॉल' या जागतिक संघटनेनेही २००६ साली या भेदभावाविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. विद्वानांच्या बाजूने वाद केव्हाच निकालात निघाला आहे. मालकांच्या बाजूने तो सुरूच झालेला नाही.

आणि आपला इतिहास काय सांगतो? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या. त्या यशाबरोबर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली. त्यानंतर त्यांनी काय केले? १८८८ च्या सुमारास अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात वर्गभर पुरुषांना इंग्रजी शिकवले! सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. या देशातल्या बायका तेव्हापासून इंग्रजी शिकवत आहेत. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली, आज तिचे विद्यापीठ झाले आहे, आणि आशिया-आफ्रिकेतले लोक तिथे इंग्रजी शिकायला येतात. शिकायला इथे यायचे आणि शिकवायला मात्र आम्हाला बोलवायचे नाही, हा कुठला न्याय?

यात बाई म्हणून वेगळा मार बसतो तो आखातात. एकाच शाळेत, एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या दोघींचे पगार पासपोर्ट पाहून ठरतात. गोऱ्या शिक्षिकेला घरभाडे, विमानाचे तिकीट, मुलांची फी; भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षिकेला त्याचा एक तुकडा. त्यातून ती नवऱ्याच्या व्हिसावर तिथे राहत असेल तर विचारूच नका. नवरा पोसतो आहे, राहायला घर आहे, मग हिला कशाला पुरा पगार? पुरुष कुटुंबाचा पोशिंदा आणि बाईची कमाई वरखर्चाची, हा आपल्या घराघरांतला जुना हिशेब तिथे कराराच्या कागदावर चढतो. नवऱ्याची नोकरी गेली की हिचाही तिथे राहण्याचा आधार डळमळतो. छळ सोसूनही ती घर का सोडत नाही, याचे एक उत्तर या व्हिसात आहे.

आपल्या सरकारला याची खबर आहे? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली जी तपासणी होते, ती प्रामुख्याने दहावीही न झालेल्या कामगारांसाठी. शिकलेल्या बाईला संरक्षण लागत नाही असे गृहीत धरले आहे. मग तिचा करार तपासणार कोण? दलाल?

मालकांचा ठरलेला बचाव असा की पालकांनाच गोरा चेहरा हवा असतो, आम्ही काय करणार? गिऱ्हाइकाची आवड हे कारण पुढे करून बाईला किती ठिकाणी मुकाट केले गेले आहे ते आठवा. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीला पहिल्या गर्भारपणी घरी पाठवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रद्द केला. बाईचे काम न पाहता तिचे शरीर पाहण्याची ती वृत्ती होती. आज शरीराच्या जागी उच्चार आला आहे. आणि खुद्द ब्रिटनमध्ये राष्ट्रीयत्वावरून नोकरी नाकारणे १९७६ च्या वंशविषयक कायद्यापासून बेकायदा आहे. घरात जे पाप, ते बाहेर व्यवसाय कसे होते?

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, हा पांढरपेशा बायकांचा प्रश्न आहे. ऊसतोड कामगार बाईला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण खाउजाच्या धोरणाने खेडोपाडी निमसरकारी शिक्षिका तासिका तत्त्वावर आणल्या, तेव्हा परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुली केवळ बंगल्यांतल्या राहिल्या नाहीत. तालुक्याच्या गावी बी.एड. झालेली, घटस्फोटित, एका लेकराची आई असलेली बाई आज या जाहिराती वाचते. तिच्यासाठी ती नोकरी म्हणजे भावाच्या घरातून बाहेर पडण्याची वाट आहे. शिवाय तत्त्व तेच आहे. समान कामाला समान दाम ही मागणी शेतात खरी असेल तर वर्गातही खरी आहे.

मात्र बोट दाखवताना आपले घरही तपासू या. 'कॉन्व्हेंट शिक्षित' शिक्षिका मागणाऱ्या जाहिराती आपल्या गावोगाव लागतात. २०२१ च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या इंग्रजी शाळांसाठी पवित्र पोर्टलवरून निवडलेल्या उमेदवारांना, त्यांची शाळा मराठी माध्यमाची म्हणून अडवले गेले. तीच वृत्ती, फक्त पासपोर्टाच्या जागी माध्यम. त्या माध्यमामागे बहुतेक वेळा जात आणि वर्ग उभे असतात, हे सांगायला नको.

काहीच होत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. परदेशी इंग्रजी शिक्षकांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, कोरियन शिक्षकांना ती नको, असा नियम कोरियात होता. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ साली तपासणीला नकार दिला, नोकरी गमावली, पण पुढे तक्रार राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीकडे नेली. २०१५ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१७ साली तो नियम गेला. एका बाईने धरून ठेवले म्हणून हे झाले. आपण तर संघटना आहोत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. परदेशी शिक्षकी नोकऱ्यांचे करार सरकारने नोंदवावेत आणि पासपोर्टवरून पगार ठरवणाऱ्या संस्थांना इथे भरती करू देऊ नये. व्यापारी करारांत पात्रतेनुसार समान दर्जाची अट घालावी. सहायकाची खिडकी पुरे झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ व्या करारात वंश, रंग, लिंग, राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करण्यास मनाई आहे, पण नागरिकत्वाचा शब्द नाही; ती फट बुजवण्यासाठी कामगार संघटनांनी आवाज उठवावा. आणि आपण? आपल्या भागातून गेलेल्या शिक्षिकांचे करार, जाहिराती, नकाराची पत्रे गोळा करू या, नावे झाकून एकत्र मांडू या. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने निदान एक तरी कागद आणावा. पुराव्याची फाईल जाड झाली की मंत्रालयाचे दार ठोठावता येते, हे हुंड्याच्या लढ्यात आपण शिकलोच आहोत.